ताटकळणाऱ्या विनंत्या आणि सर्व्हरचा खोळंबा

परीक्षेच्या निकालाचा दिवस असो, रेल्वे आरक्षणाची सकाळ असो किंवा विवरणपत्र भरण्याची अखेरची तारीख. संकेतस्थळ उघडत नाही, पडद्यावरचे चक्र नुसतेच फिरत राहते आणि शेवटी सर्व्हर उत्तर देत नसल्याचा संदेश येतो, हा अनुभव शहरी वाचकांना नवा नाही. अशा वेळी 'गर्दी फार झाली' हे कारण सांगितले जाते आणि ते आपल्याला पटतेही. परंतु त्या क्षणी सर्व्हरच्या यंत्रात डोकावून पाहिले, तर पुष्कळदा त्याचा प्रोसेसर जवळजवळ रिकामा बसलेला आढळतो. यंत्र काम करून दमलेले नसते. त्याचे सगळे हात कोणाची ना कोणाची वाट पाहण्यात गुंतून पडलेले असतात. असे का होते आणि एखादी लांबलेली विनंती अवघ्या संकेतस्थळाला कशी वेठीस धरते, हे केवळ अभियंत्यांनीच जाणून घ्यावे असे नाही. आपल्या संस्थेसाठी वा व्यवसायासाठी संकेतस्थळ करवून घेणाऱ्या प्रत्येकाच्या खिशाशी त्याचा संबंध आहे.

पंगत आणि वाढपी

आपला ब्राउझर सर्व्हरकडे एखादे पृष्ठ मागतो, त्यास 'विनंती' म्हणतात. विनंती आली की सर्व्हरवरील एक कार्यकर्ता ती हाती घेतो, लागणारी माहिती गोळा करतो आणि उत्तर पाठवून मोकळा होतो. हा कार्यकर्ता म्हणजे एकतर 'प्रोसेस' असतो किंवा 'थ्रेड'. प्रोसेस म्हणजे स्वतंत्र बिऱ्हाड. त्याची स्मृती वेगळी, सामानसुमान वेगळे. थ्रेड म्हणजे शब्दशः धागा. एकाच बिऱ्हाडात राहून आपापले काम करणारी माणसे असावीत, तसे अनेक थ्रेड एकाच प्रोसेसच्या स्मृतीत नांदतात. म्हणून थ्रेड प्रोसेसपेक्षा स्वस्त पडतो. परंतु स्वस्त म्हणजे फुकट नव्हे.

लग्नाच्या पंगतीत प्रत्येक पाहुण्यामागे एक वाढपी उभा केला आणि त्या पाहुण्याचे जेवण होईपर्यंत त्याने तेथून हलायचे नाही, असे ठरवले तर काय होईल? वाढण्याचे काम मिनिटभराचे. उरलेला सगळा वेळ वाढपी नुसता उभा. दोनशे वाढपी असतील तर दोनशेएकाव्या पाहुण्याला मांडवाबाहेर ताटकळावे लागेल. 'एक विनंती, एक थ्रेड' ही सर्व्हरची रूढ पद्धत नेमकी अशीच आहे. ती समजण्यास आणि आज्ञावली लिहिण्यास सोपी आहे, म्हणून लोकप्रिय झाली. पाहुणे भरभर जेवून उठत असतील, तर ती उत्तम चालतेही.

थ्रेडची किंमत कशात मोजायची?

पहिली किंमत स्मृतीची. प्रत्येक थ्रेडला आपल्या चालू कामाची टिपणे ठेवण्यासाठी 'स्टॅक' नावाची स्वतंत्र जागा लागते. लिनक्सवर ही जागा सामान्यतः ८ मेगाबाइट राखून ठेवली जाते. ३२ बिटांच्या यंत्रांवर एका प्रोसेसला साधारण ३ गिगाबाइटचा पत्ता-अवकाश मिळत असे. त्यास ८ मेगाबाइटने भागले की उत्तर येते ३८४. म्हणजे यंत्रात कितीही शक्ती असली, तरी त्याहून अधिक थ्रेड मावणेच अशक्य. स्टॅकचा आकार कमी करून अभियंते हा आकडा वाढवीत. ६४ बिटांच्या यंत्रांनी पत्त्यांची ही टंचाई संपवली आणि राखलेली जागा प्रत्यक्ष वापरली जाईपर्यंत खरी स्मृती खर्ची पडत नाही, हेही खरे. तथापि प्रत्येक थ्रेड वापरतो ती स्मृती, कार्यप्रणालीच्या गाभ्यात त्याच्यासाठी ठेवलेली नोंद आणि त्याने हाती धरलेल्या विनंतीचा सारा ऐवज, हा खर्च उरतोच.

दुसरी किंमत अदलाबदलीची. प्रोसेसरचा एक गाभा एका वेळी एकाच थ्रेडकडे लक्ष देऊ शकतो. एकाचे काम बाजूला ठेवून दुसऱ्याचे हाती घेण्यास काही मायक्रोसेकंद लागतात. ते क्षुल्लक वाटतात. परंतु प्रोसेसरजवळच्या छोट्या, वेगवान स्मृतीत पहिल्या थ्रेडची जमवलेली माहिती दुसऱ्याच्या माहितीने पुसली जाते आणि पहिल्याची पाळी पुन्हा आली की ती नव्याने आणावी लागते. हा छुपा खर्च बऱ्याचदा उघड खर्चाहून मोठा असतो.

तिसरी किंमत निर्मितीची आणि चौथी समन्वयाची. लिनक्सवर एके काळी थ्रेड निर्माण करणे फारच खर्चिक होते. उलरिक ड्रेपर आणि इंगो मोलनार यांनी २००२-०३ च्या सुमारास नवी थ्रेड-व्यवस्था सिद्ध केली, तेव्हा एका चाचणीत एक लाख थ्रेड २ सेकंदांत सुरू झाले; जुन्या व्यवस्थेत त्यास सुमारे १५ मिनिटे लागली असती. निर्मितीची किंमत अशी उतरली आणि थ्रेड आधीच तयार ठेवण्याच्या प्रथेने ती आणखी कमी झाली. समन्वयाची किंमत मात्र कायम आहे. दोन थ्रेडांनी एकच नोंद एकाच वेळी बदलू नये म्हणून कुलपे घालावी लागतात आणि कुलपापाशी पुन्हा रांग लागते.

कोपनहेगनचे गणित

किती थ्रेड लागतील, हे ठरवण्याचे गणित संगणकापेक्षा जुने आहे. डेन्मार्कमधील अॅग्नर क्रारुप एर्लांग हा गणिती कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करीत असे. अमुक इतक्या ग्राहकांसाठी किती तारा ओढाव्यात, या प्रश्नावर त्याने १९०९ आणि १९१७ मध्ये पायाभूत लेखन केले. तारा किती अडकून पडतील हे नुसत्या संभाषणांच्या संख्येवर ठरत नाही. प्रत्येक संभाषण किती वेळ चालते यावरही ते तितकेच अवलंबून असते, हा त्यातला कळीचा मुद्दा. पुढे दूरध्वनीच्या वाहतुकीचे एकक त्याच्याच नावाने ओळखले जाऊ लागले. अमेरिकेतील जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये याच्याशी निगडित असा एक सोपा नियम सिद्ध केला: व्यवस्थेत सरासरी जितके ग्राहक अडकलेले असतात, ती संख्या म्हणजे येण्याचा दर गुणिले प्रत्येकाचा मुक्काम.

हा नियम सर्व्हरला लावून पाहू. जावाच्या जगात बहुप्रचलित असलेल्या टॉमकॅट या सर्व्हरमध्ये थ्रेडांची मूळ मर्यादा २०० आहे. समजा, एका संकेतस्थळावर दर सेकंदाला १०० विनंत्या येतात आणि प्रत्येक विनंती सेकंदाच्या दहाव्या भागात उरकते. शंभर गुणिले एकदशांश म्हणजे केवळ १० थ्रेड कामात, १९० मोकळे. आता त्या शंभरांपैकी तीन विनंत्या वार्षिक अहवाल मागणाऱ्या आहेत आणि डेटाबेसकडून तो अहवाल येण्यास ६० सेकंद लागतात, असे धरू. तीन गुणिले साठ म्हणजे १८०. उरलेल्या ९७ विनंत्यांना मिळून १० थ्रेडही लागत नाहीत. म्हणजेच तीन टक्के विनंत्यांनी कामात असलेल्या थ्रेडांपैकी सुमारे ९५ टक्के थ्रेड अडवले. तीनाऐवजी चार जणांनी अहवाल मागितला, तर २४० थ्रेड हवेत, ते नाहीतच. मग जो केवळ कार्यालयाचा पत्ता पाहण्यासाठी आला आहे, त्यालाही रांगेत उभे राहावे लागते. या सगळ्या काळात थ्रेड काय करीत असतात? डेटाबेसच्या उत्तराची प्रतीक्षा. प्रोसेसर रिकामाच असतो.

त्यात मनुष्यस्वभावाची भर पडते. पृष्ठ येत नाही म्हणून आपण पुन्हा बटण दाबतो. पुष्कळ सर्व्हरांना पहिला ग्राहक निघून गेल्याचे उत्तर लिहायला घेईपर्यंत कळतच नाही. त्यामुळे जुन्या विनंतीचा थ्रेड अडकलेलाच राहतो आणि नव्या विनंतीसाठी दुसरा अडकतो. खोळंबा असा स्वतःच स्वतःला वाढवतो.

दहा हजारांचा प्रश्न

महाजालाच्या आरंभीच्या काळात हा प्रश्न तीव्र नव्हता. १९९३ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या एनसीएसए या संस्थेत रॉब मॅक्कूल यांनी लिहिलेला सर्व्हर आणि १९९५ मध्ये त्यातूनच उदयास आलेला अपाचे, हे प्रोसेसांच्या बळावर चालत. अपाचेने प्रोसेस आधीच तयार ठेवण्याची युक्ती रूढ केली. त्यांची प्रचलित मूळ मर्यादा होती २५६. पुढे २००२ मध्ये आलेल्या अपाचे २.० मध्ये प्रोसेसांच्या जोडीला थ्रेडांचीही सोय झाली.

परंतु वाट पाहण्याची कारणे वाढत गेली. १९९७ च्या एचटीटीपी १.१ या नियमावलीने एकदा जोडलेला दुवा पुढच्या विनंतीसाठी उघडा ठेवण्याची पद्धत सर्वमान्य केली. पृष्ठे लवकर उघडू लागली. पण अपाचेच्या तेव्हाच्या आवृत्त्यांत ग्राहक काहीही मागत नसताना कार्यकर्ता १५ सेकंद त्याच्यासाठी थांबून राही. पुढे २.२ या आवृत्तीत ही मुदत ५ सेकंदांवर आणली गेली. दुसरे कारण ग्राहकाकडील संथ जोडणीचे. भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हापासून मॉडेमची कर्कश धून ऐकत बसलेल्यांना हे सांगावयास नको. अगदी ५६ किलोबिट वेगाच्या मॉडेमवरही १०० किलोबाइटचे पृष्ठ उतरण्यास १४ सेकंदांहून अधिक काळ लागे. सर्व्हरने पृष्ठ क्षणात तयार केले, तरी ते घोटघोट पाजण्यात त्याचा कार्यकर्ता अडकून राही.

१९९९ मध्ये डॅन केगेल या अभियंत्याने हा प्रश्न नेमक्या शब्दांत मांडला. यंत्रे आता पुरेशी सशक्त झाली आहेत. मग एका सर्व्हरने एकाच वेळी दहा हजार ग्राहक का सांभाळू नयेत? 'सी-टेन-के' या नावाने तो प्रश्न संगणकविश्वात प्रसिद्ध झाला. अडचण यंत्रांची नव्हती, आज्ञावलींच्या रचनेची होती.

त्यावरचा उपाय पंगतीनेच सांगता येईल. प्रत्येक पाहुण्यामागे वाढपी उभा न करता एकाच चपळ वाढप्याने पंगतीतून फिरत राहायचे. ज्याचे पान रिकामे दिसेल त्याला वाढायचे आणि पुढे जायचे. जेवणारा सावकाश जेवत असला, तरी वाढपी अडत नाही. यास 'घटनाधारित' रचना म्हणतात. त्यासाठी कोणत्या जोडणीवर हालचाल झाली, हे कार्यप्रणालीने सांगावे लागते. 'सिलेक्ट' नावाची जुनी सोय सामान्यतः १०२४ जोडण्यांपुरतीच चाले आणि दर वेळी सगळी यादी तपासावी लागे. फ्रीबीएसडीमध्ये २००० साली 'केक्यू' आणि लिनक्समध्ये २००२ पासून 'ईपोल' ही नवी सोय आली. ती केवळ हालचाल झालेल्या जोडण्यांचीच नावे सांगते. याच पायावर रशियातील इगोर सिसोयेव यांनी 'एन्जिनेक्स' हा सर्व्हर २००४ मध्ये जगापुढे ठेवला. २००९ मध्ये रायन डाल यांनी 'नोड' सादर करून जावास्क्रिप्ट लिहिणाऱ्यांनाही ही रचना उपलब्ध करून दिली.

नुसती प्रतीक्षाच सर्व्हरला कशी पुरी पडते, याचे प्रात्यक्षिकही त्याच वर्षी झाले. जून २००९ मध्ये 'स्लोलॉरिस' नावाची छोटीशी आज्ञावली प्रसिद्ध झाली. ती सर्व्हरकडे विनंती पाठवावयास सुरुवात करी आणि एकेक ओळ सावकाश धाडत ती विनंती कधीच पूर्ण करीत नसे. एकाच साध्या संगणकावरून, अगदी किरकोळ बँडविड्थ वापरून, अपाचेचे सगळे कार्यकर्ते अशा अर्धवट विनंत्यांच्या प्रतीक्षेत गुंतवता येत. इराणमधील निवडणुकीनंतरच्या आंदोलनात त्या वर्षी सरकारी संकेतस्थळांविरुद्ध तिचा वापर झाला. घटनाधारित सर्व्हरांवर तिचा प्रभाव फारसा पडत नसे. अपाचेनेही २०१० मध्ये विनंती पूर्ण होण्यास कालमर्यादा घालणारी सोय आणली.

लांबलेल्या कामाला पावती

मात्र घटनाधारित रचना हा सर्व रोगांवरचा उतारा नव्हे. फिरत्या वाढप्याला एखाद्या पाहुण्याने हात धरून गप्पांत गुंतवले, तर सगळी पंगत उपाशी राहते. छायाचित्रांचे आकार बदलणे, मोठे हिशेब करणे, हजार पानी अहवाल रचणे, अशी कामे ही प्रतीक्षा नसून प्रोसेसरचे खरेखुरे श्रम आहेत. ती फिरत्या वाढप्याकडे सोपवली की तेवढा वेळ इतर सगळ्या जोडण्या थांबतात. म्हणून लांबलेल्या विनंतीपुढे पहिला प्रश्न हाच विचारावयास हवा, की तिचा वेळ वाट पाहण्यात जातो की काम करण्यात?

काम खरोखरच मोठे असेल, तर ग्राहकाला दारात उभे करण्यात अर्थ नाही. लाँड्रीत कपडे टाकल्यावर आपण पावती घेतो आणि घरी जातो. इस्त्री होईपर्यंत काउंटरवर उभे राहत नाही. एचटीटीपीच्या नियमावलीत १९९६ पासूनच या पावतीची तरतूद आहे. '२०२' हा संकेतांक म्हणजे 'काम स्वीकारले आहे, अद्याप पूर्ण झालेले नाही'. सर्व्हरने काम एका रांगेत नोंदवावे, पावती देऊन थ्रेड मोकळा करावा आणि रांगेतील कामे मागल्या दारी दुसऱ्याच कार्यकर्त्यांनी उरकावीत. ग्राहकाने पावतीचा क्रमांक दाखवून मधूनमधून चौकशी करावी किंवा काम झाल्याचे त्याला ई-मेलने कळवावे. आपल्या उदाहरणातील वार्षिक अहवाल अशा रांगेत टाकला, तर त्याला लागणारे ६० सेकंद कमी होत नाहीत; परंतु दोनशेपैकी १८० थ्रेड मोकळे होतात आणि पत्ता पाहावयास आलेल्याचा खोळंबा टळतो.

यात एक पथ्य कसोशीने पाळावे लागते. पावती हाती पडण्यापूर्वी जोडणी तुटली, तर ग्राहक पुन्हा तीच विनंती पाठवतो. काम शुल्क भरण्याचे असेल, तर पैसे दोनदा वळते होण्याचा धोका असतो. म्हणून प्रत्येक कामाला आधीच क्रमांक द्यावा आणि त्याच क्रमांकाची विनंती पुन्हा आल्यास नवे काम सुरू न करता जुन्याचीच स्थिती सांगावी.

ज्यांना रांगेची सगळी व्यवस्था उभारणे शक्य नाही, त्यांनी निदान दोन गोष्टी कराव्यात. एक म्हणजे अहवालासारख्या संथ कामांसाठी थ्रेडांचा वेगळा आणि मर्यादित गट ठेवावा, जेणेकरून ती तुंबली तरी बाकीच्या खिडक्या चालू राहतील. दुसरी म्हणजे प्रत्येक प्रतीक्षेला कालमर्यादा घालावी. डेटाबेस, बँक, लघुसंदेश पाठवणारी सेवा, यांपैकी कोणाचीही अमर्याद वाट पाहणारा थ्रेड हा परत न येण्याच्या बोलीवर दिलेल्या उसनवारीसारखा असतो. 'आता जमत नाही, थोड्या वेळाने या' असे ग्राहकाला दोन सेकंदांत सांगणे हे पाच मिनिटे ताटकळत ठेवून नकार देण्यापेक्षा केव्हाही बरे.

थ्रेड स्वस्त झाले, पुढे काय?

थ्रेड चांगले की घटना, हा वाद जुना आहे. जॉन ऑस्टरहाउट यांनी १९९६ मध्ये बहुतेक कामांसाठी थ्रेड ही वाईट कल्पना असल्याचे प्रतिपादन केले. त्यावर २००३ मध्ये बर्कली विद्यापीठातील संशोधकांनी नेमके उलट मत मांडले. दोष थ्रेड या कल्पनेत नसून ते महाग असण्यात आहे, असे त्यांचे म्हणणे होते. काळाने या दुसऱ्या मताला बरेच बळ दिले आहे. स्वीडनच्या एरिक्सन कंपनीत १९८० च्या दशकात जन्मलेल्या आणि त्या डॅनिश गणितीचेच नाव धारण करणाऱ्या 'एर्लांग' भाषेत अतिशय हलक्या प्रोसेसांची सोय पहिल्यापासून होती. २०१२ मध्ये व्हॉट्सअॅपने एर्लांगच्या साह्याने एका सर्व्हरवर वीस लाख जोडण्या सांभाळल्याचे जाहीर केले. २००९ मध्ये गुगलने जाहीर केलेल्या 'गो' भाषेतील हलक्या थ्रेडचा स्टॅक अवघ्या २ किलोबाइटपासून सुरू होतो. सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या जावाच्या २१ व्या आवृत्तीत 'आभासी थ्रेड' समाविष्ट झाले. अभियंत्याने जुन्या, सरळ पद्धतीने आज्ञावली लिहावी आणि वाट पाहणारा थ्रेड बाजूला ठेवण्याचे काम भाषेने करावे, अशी ही सोय आहे.

म्हणजे आता प्रश्न मिटला काय? तसे नाही. पोस्टग्रेस हा लोकप्रिय डेटाबेस प्रत्येक जोडणीसाठी एक प्रोसेस उभा करतो आणि त्याची मूळ मर्यादा १०० जोडण्यांची आहे. दहा हजार आभासी थ्रेड आनंदाने निर्माण करता येतील. पण त्या सर्वांना डेटाबेसच हवा असेल, तर नऊ हजार नऊशे त्या शंभर दारांबाहेर उभे राहतील. रांग नाहीशी होत नाही, केवळ मांडवाच्या दारातून स्वयंपाकघराच्या दारात सरकते. लिटल यांचा नियम तेथेही तसाच लागू असतो. मुक्कामाचा वेळ कमी केल्याखेरीज किंवा येणाऱ्यांचा दर आवरल्याखेरीज गुणाकाराचे उत्तर बदलत नाही.

म्हणून संकेतस्थळ संथ झाले, की लगोलग अधिक शक्तिमान यंत्र विकत घेण्याचा सल्ला मानण्यापूर्वी संबंधितांना तीन प्रश्न जरूर विचारावेत. दर सेकंदाला विनंत्या किती येतात? त्यांतील सर्वांत संथ विनंतीला किती वेळ लागतो? आणि तेवढ्या वेळात थ्रेड काम करीत असतो की वाट पाहत असतो? या तीन उत्तरांचे गणित कागदाच्या चिठोऱ्यावर मांडता येते. ते मांडले गेले, तर नव्या यंत्राचा खर्च पुष्कळदा वाचतो आणि निकालाच्या दिवशी पडद्यावरचे चक्र पाहत बसलेल्या विद्यार्थ्याला त्याचे गुणही वेळेवर कळतात.